नोकरीतले विद्यार्थी : शं. बा. दीक्षित

आपल्या महाविद्यालयात सकाळच्या तासांना बसणाऱ्या मुलामुलींपैकी पुष्कळजण शेवटची घंटा होताच घाईने स्टेशन गाठतात. कोणी ठाण्याच्या कचेरीत हिशेब लिहितो, कोणी कल्याणला कापडाच्या दुकानात उभा राहतो, कोणी डोंबिवलीच्या एम.आय.डी.सी.त पाळी करतो. मीही त्यांतलीच एक. पदवी हा आमचा पहिला टप्पा. पुढे कोणाला बँकेतल्या बढतीची जेएआयआयबी परीक्षा द्यायची आहे, कोणाला सेट-नेट, कोणाला खात्याची परीक्षा, कोणाला स्पर्धा परीक्षा. फॉर्म भरताना सगळ्यांना उत्साह असतो. पुस्तके आणली जातात, वेळापत्रक भिंतीवर लागते. दोन महिन्यांनी ते वेळापत्रक भिंतीवरच राहते आणि रात्री साडेनऊला घरी पोचलेला माणूस जेवून झोपी जातो. यात आळस फारसा नसतो. दिवसभराच्या कामाने थकलेल्या मनाला रोज नव्याने अभ्यासाला बसवायचे कसे, हा खरा प्रश्न असतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला एका मराठी शाळामास्तराचे चरित्र सापडले. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या थोर ग्रंथाचे कर्ते म्हणून शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे नाव आपल्या प्राध्यापकांना परिचित आहे. परंतु ते जन्मभर शिक्षणखात्याचे नोकर होते, त्यांनी कोणतीही पदवी घेतली नव्हती आणि त्या नोकरीतली अडीच वर्षे त्यांनी आपल्या ठाण्यात काढली, हे आम्हा विद्यार्थ्यांना सहसा माहीत नसते. म्हणून त्यांचे चरित्र मी येथे थोडक्यात सांगणार आहे.

दीक्षितांचा जन्म जुलै १८५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात, दापोलीजवळच्या मुरुड गावी झाला. त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली होती. म्हणजे आपण रोज जिच्यातून जातो त्या रेल्वेहून ते केवळ तीन महिन्यांनी लहान. गावच्या मराठी शाळेत त्यांचे शिक्षण झाले, थोडे संस्कृत झाले, वेदपठणही झाले. पुढे शिकायचे तर पैसा हवा होता आणि इंग्रजी शाळा हवी होती. तेव्हा कोकणातल्या हुशार मुलापुढे जो मार्ग असे तोच त्यांनी धरला. ते दापोलीच्या कोर्टात उमेदवार म्हणून राहिले आणि उमेदवारी करता करता थोडेफार इंग्रजी शिकू लागले. वय असेल पंधरा-सोळा. काम आणि अभ्यास ही जोडगोळी तेथून जी सुरू झाली ती अखेरपर्यंत सुटली नाही.

१८७० च्या सुमारास ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाले. आजच्या डी.एड.चा हा पूर्वज. मराठी शाळांना शिक्षक पुरवण्यासाठी सरकारने ही संस्था चालवली होती. तेथे तीन वर्षे शिकून दीक्षित शेवटच्या परीक्षेत पहिले आले. हे प्रमाणपत्र हाती पडले की मराठी शाळेतली नोकरी नक्की असे आणि बहुतेकांचा अभ्यास तेथेच संपे. दीक्षितांनी मात्र ट्रेनिंग कॉलेजात असतानाच सकाळ-संध्याकाळ इंग्रजीच्या वर्गाला जाण्याचा परिपाठ ठेवला होता. त्या बळावर १८७४ मध्ये ते मॅट्रिक झाले. त्या काळी मॅट्रिक ही मुंबई विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा होती आणि इंग्रजीवर प्रभुत्व असल्याशिवाय तिच्यात निभाव लागत नसे. आयुष्यात त्यांनी दिलेली ही शेवटची मोठी परीक्षा. कॉलेजात जाऊन बी.ए. होणे काही त्यांच्या नशिबी नव्हते. वयाच्या एकविसाव्या वर्षी विद्यापीठाशी त्यांचा संबंध संपला.

पुढची चोवीस वर्षे बदल्यांची आहेत. पहिल्यांदा रेवदंड्याची मराठी शाळा. तेथे ते मुख्याध्यापक होते. १८८० च्या आरंभी ठाण्याची मराठी शाळा नंबर १. १८८२ मध्ये बार्शीची इंग्रजी शाळा. १८८९ मध्ये धुळ्याचे ट्रेनिंग स्कूल. १८९४ मध्ये, जेथे स्वतः शिकले त्याच पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षक. समुद्रकाठ, खाडीकाठ, माणदेशापलीकडचे बार्शी, खानदेश आणि देश, असा हा प्रवास. प्रत्येक बदलीबरोबर बिऱ्हाड हलवायचे आणि नवे वर्ग सांभाळायचे. ज्याला आपण आज बिझी शेड्यूल म्हणतो ते त्यांनाही होतेच; भरीला वीज नव्हती आणि जवळपास ग्रंथालय नव्हते.

मग त्यांचा अभ्यास टिकला कशावर? त्यांचे चरित्र वाचताना मला तीन गोष्टी ठळकपणे दिसल्या. क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे त्यांना एक प्रश्न सापडला. १८८० नंतर महाराष्ट्रात पंचांगाचा मोठा वाद पेटला होता. दीक्षित तेव्हा ठाण्यात होते. वाद असा. दिवस मोठा होऊ लागतो तो २२ डिसेंबरच्या सुमारास. सूर्याचे उत्तरायण खरोखर तेव्हा लागते. आपले पंचांग मात्र मकरसंक्रांत जानेवारीत मांडते. याचे कारण असे की वसंतसंपात, म्हणजे ज्या बिंदूपासून सूर्याचे वर्ष मोजावयाचे तो बिंदू, ताऱ्यांच्या संदर्भात स्थिर नाही. तो सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. ही सरक धरून पंचांग करावे असे म्हणणारे ते सायनवादी आणि ताऱ्यांना चिकटून राहावे असे म्हणणारे ते निरयनवादी. धर्मकृत्ये, सण, मुहूर्त सारे यावर अवलंबून. त्यामुळे वाद वर्तमानपत्रांतून घराघरांत गेला. दीक्षित सायन पक्षाकडे झुकले. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्याबरोबर त्यांनी शके १८०६ पासून, म्हणजे १८८४ पासून, सायन पंचांग काढण्यात भाग घेतला.

पंचांगाचा वाद शेवटी समाजाने दीक्षितांच्या बाजूने सोडवला नाही. आजही आपल्या घरात संक्रांत जानेवारीतच येते. पण त्या वादाने त्यांच्यापुढे एक मोठा प्रश्न उभा केला. आपल्या पूर्वजांनी आकाश केव्हापासून आणि कसे मोजले? कोणत्या ग्रंथात काय आहे, कोणाचे कोणी घेतले, कोणते स्वतःचे? याचे उत्तर कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हते. त्यासाठी वेद आणि ब्राह्मणग्रंथांपासून आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य, गणेश दैवज्ञ आणि अलीकडे केरो लक्ष्मण छत्रे यांच्या ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ (१८६०) या ग्रंथापर्यंत सारे वाचावे लागणार होते. शाळेतल्या नोकरीसाठी यातल्या एका ओळीचीही गरज नव्हती. त्याबद्दल पगार वाढणार नव्हता.

मला वाटते, परीक्षेसाठी बसणाऱ्या आम्हा लोकांना येथे काही शिकता येईल. आम्ही अभ्यासाचे कारण बहुतेक वेळा बढतीत शोधतो. ते चूक नाही. घर चालवायचे असते. पण बढती दोन वर्षांनी मिळणार असते आणि झोप आज रात्री येते. बँकेत काम करणाऱ्या माझ्या एका वर्गमित्राला कर्जाची वसुली का थकते हे खरोखर जाणून घ्यावेसे वाटू लागले, तेव्हापासून त्याच्या पुस्तकातला तो भाग त्याला दोनदा वाचावा लागत नाही. विषयात आपल्याला स्वतःचा असा एखादा प्रश्न सापडला तर थकलेले मनही पुस्तकाकडे वळते.

दुसरी गोष्ट म्हणजे मुदत. दीक्षित बार्शीला असताना पुण्याच्या दक्षिणा प्राइझ कमिटीने भारतीय ज्योतिषाच्या इतिहासावर मराठी ग्रंथासाठी बक्षीस जाहीर केले. दीक्षितांनी ते मनावर घेतले. पण बार्शीत पुस्तके कोठून आणायची? संस्कृत ज्योतिषाच्या हस्तलिखित पोथ्या होत्या पुण्याला, डेक्कन कॉलेजच्या सरकारी संग्रहात. बार्शी गावाला तर तेव्हा आगगाडीही नव्हती. ती आली १८९७ मध्ये. ठरलेल्या मुदतीत ग्रंथ पुरा झाला नाही. मुदत वाढवून मिळाली आणि १८८८ मध्ये त्यांनी तो कमिटीकडे पाठवला. १८९१ मध्ये बक्षीस मिळाले.

मुदत हुकली म्हणून त्यांनी काम टाकून दिले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आमच्यापैकी कितीजण पहिल्या अपयशानंतर पुन्हा फॉर्मच भरत नाहीत! एक पेपर राहिला की सगळा विषय कपाटात जातो. दीक्षितांना बाहेरच्या मुदतीने कामाला जुंपले खरे. परंतु त्यांचे काम मुदतीवर संपले नाही. बक्षीस मिळाल्यावरही त्यांनी ग्रंथ वाढवला, तपासला, पुन्हा लिहिला आणि १८९६ मध्ये तो छापून बाहेर आला. कमिटीला पाठवल्यापासून आठ वर्षे. पाचशेहून अधिक पानांचा हा ग्रंथ एका नोकरदार माणसाने सकाळी, रात्री आणि सुट्ट्यांत लिहिलेला आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे सोबत. एकट्याने अभ्यास करणारा माणूस लवकर खचतो. दीक्षितांच्या गावात त्यांच्या विषयाचे लोक क्वचितच असत; म्हणून त्यांनी दूरची माणसे जोडली. मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी जे. एफ. फ्लीट हे तेव्हा गुप्त राजांचे शिलालेख प्रसिद्ध करीत होते. त्या लेखांत गुप्त संवताची वर्षे दिलेली, पण तो संवत नेमका केव्हा सुरू झाला याविषयी विद्वानांत एकमत नव्हते. अल् बेरुनीने तो शकानंतर २४१ वर्षांनी सुरू झाल्याचे लिहून ठेवले होते. कोणी ते मानीत, कोणी मानीत नसत. येथे गणित जाणणाऱ्या माणसाची गरज होती.

दीक्षितांनी काय केले ते एका उदाहरणावरून कळेल. मध्य प्रदेशात एरण येथे बुधगुप्त राजाच्या काळातला स्तंभलेख आहे. त्यावर गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि गुरुवार अशी मिती आहे. शकानंतर २४१ वर्षे म्हणजे इ. स. ३१९. त्यात १६५ मिळवले की ४८४ येते. आता ४८४ सालच्या आषाढ शुद्ध द्वादशीला खरोखर गुरुवार होता काय? चौदाशे वर्षांपूर्वीच्या चंद्रसूर्यांची स्थाने काढून दीक्षितांनी गणित मांडले. उत्तर आले २१ जून ४८४ आणि वार आला गुरुवार. एकच लेख जुळला तर योगायोग म्हणता येईल, कारण वार सातच आहेत. पण इतर लेखांच्या मित्यांचीही अशी तपासणी झाली आणि गुप्त संवताचा आरंभ इ. स. ३१९-२० हा पक्का होण्यास या गणिताने मोठे बळ दिले. फ्लीट यांचा ग्रंथ १८८८ मध्ये निघाला. त्यात मित्यांच्या गणिताची रीत आणि गुरूचे बारा वर्षांचे चक्र यांवरील दीक्षितांचे लेख परिशिष्टांत आहेत. शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात आपण गुप्तांची जी सालं पाठ केली, त्यांच्यामागे बार्शीच्या शाळेतील या मास्तरांची पाटी-पेन्सिल आहे.

पुढे मद्रास इलाख्यातले अधिकारी रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर त्यांनी भारतीय कालगणनेवर इंग्रजीत एक ग्रंथ केला. इ. स. ३०० पासून १९०० पर्यंतच्या हिंदू आणि मुसलमानी मित्यांची इंग्रजी तारीख काढण्याची कोष्टके त्यात आहेत. तोही १८९६ मध्येच लंडनला प्रसिद्ध झाला. ताम्रपट आणि शिलालेख वाचणाऱ्या संशोधकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला. एक लेखक मद्रासकडचा सनदी अधिकारी, दुसरा धुळे-पुण्याचा शिक्षक. हुद्द्यात केवढे अंतर! मुखपृष्ठावर मात्र दोघांची नावे शेजारी आहेत.

याच काळात दीक्षितांनी दुसरा एक मोठा शोध लावला. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, इतर नक्षत्रे ढळतात, अशा अर्थाचा उल्लेख आहे. आज कृत्तिका नेमक्या पूर्वेला उगवत नाहीत; उत्तरेकडे सरकून उगवतात. दीक्षितांनी तर्क केला की हा उल्लेख प्रत्यक्ष पाहून केलेला असेल तर तो कृत्तिका विषुववृत्तावर असतानाचा असला पाहिजे, आणि गणिताने तो काळ इ. स. पूर्व ३००० च्या आसपास येतो. लोकमान्य टिळकांचा ‘ओरायन’ १८९३ मध्ये आला होता. वेदांचा काळ आकाशावरून ठरवण्याच्या त्या खटपटीत दीक्षितांची ही भर पडली. या अनुमानावर पुढे विद्वानांनी आक्षेपही घेतले आणि त्याचा वाद अजून मिटलेला नाही. पण ज्या ओळीवरून अनेक पंडितांची नजर नुसती फिरून गेली होती, तिच्यात मोजता येण्याजोगे काही आहे हे पाहिले ते एका शाळाशिक्षकाने.

इतका मोठा अभ्यास करणारा माणूस आपल्या वर्गाला कंटाळला असेल, असे एखाद्याला वाटेल. त्यांची पुस्तके पाहिली तर उलटेच दिसते. रेवदंड्याला असताना १८७६ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थिबुद्धिवर्धिनी’ लिहिली. ठाणे सोडले त्या १८८२ सालचे पुस्तक ‘सृष्टिचमत्कार’. धुळ्याला असताना १८९२ मध्ये ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’. हे शेवटचे पुस्तक सामान्य वाचकाला आकाश दाखवण्यासाठी आहे आणि ते मराठीत पुष्कळ वाचले गेले. आम्हा नोकरदार विद्यार्थ्यांनी त्याच्या नावाकडे जरा लक्ष द्यावे. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटे. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस. रात्री जेवणानंतर माणसाला खरोखर मिळू शकणारा वेळ साधारण एवढाच असतो. रोज चार तास बसण्याचा संकल्प आठवड्यात मोडतो. रोजच्या दोन घटका वर्षाच्या शेवटी जवळजवळ तीनशे तास होतात. डोंबिवली ते ठाणे लोकलचा जाऊन-येऊनचा वेळही जवळपास तेवढाच आहे. गर्दीत पुस्तक उघडायला जागा मिळत नाही हे खरे, पण सकाळी वाचलेले मनात घोळवायला जागा लागत नाही.

दीक्षितांच्या चरित्रातून सगळेच आपल्याला घेता येईल असे मी म्हणणार नाही. त्यांच्या काळच्या घरात स्वयंपाक, पाणी, आजारपण, मुले हे सारे घरच्या स्त्रिया पाहात. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली नोकरी, कॉलेज आणि घर अशा तिन्ही पाळ्या करतात. त्यांच्या दोन घटका कोणीतरी घरातले काम वाटून घेतल्याशिवाय निघणार नाहीत, आणि चिकाटीची कितीही चरित्रे वाचली तरी ती उणीव भरून येणार नाही. अभ्यास करणाऱ्या मुलीचे नुसते कौतुक करण्यापेक्षा तिच्या वाटणीची भांडी कोणी घासली तर तिचा अभ्यास अधिक होईल.

दुसरेही एक सांगितले पाहिजे. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ प्रसिद्ध झाल्यावर दीक्षितांना फार दिवस मिळाले नाहीत. एप्रिल १८९८ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. वय पुरते पंचेचाळीसही नव्हते. प्राचीन भारताच्या भूगोलावरील त्यांचे लेखन त्यांच्या मागे प्रसिद्ध झाले. म्हणून प्रकृतीची हेळसांड करून अभ्यास करावा असा बोध मी काढीत नाही. झोप मोडून केलेला अभ्यास फार काळ टिकत नाही आणि माणसालाही टिकू देत नाही. रविवारची सकाळ मैदानावर किंवा खाडीकाठी काढली तर अभ्यासक्रम बुडत नाही.

त्यांच्या ग्रंथाचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. तो मराठीत होता, त्यामुळे जगातल्या अभ्यासकांना तो मिळवायला वेळ लागला. १९५७ मध्ये त्याचा हिंदी अनुवाद झाला. नंतर भारत सरकारने त्याचा इंग्रजी अनुवाद दोन भागांत काढला. दुसरा भाग १९८१ मध्ये आला, ग्रंथ छापल्यानंतर पंच्याऐंशी वर्षांनी. भारतीय ज्योतिर्गणिताच्या इतिहासावर लिहिणारा माणूस आजही दीक्षितांना टाळून पुढे जाऊ शकत नाही. त्यांचे समवयस्क वेंकटेश बापूजी केतकर यांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. १८५४ चा जन्म, तेही शिक्षणखात्यात शिक्षक, आणि तेही नोकरी सांभाळून ‘ज्योतिर्गणितम्’सारखा ग्रंथ लिहिणारे. म्हणजे दीक्षित हे काही एकटे नवल नव्हते. शाळेत शिकवून उरलेल्या वेळात विद्या करणारी माणसे त्या पिढीत होती आणि ती एकमेकांचे लिहिलेले वाचीत होती.

ही शेवटची गोष्ट आपल्याला सर्वांत सोपी आहे. दीक्षितांना पोथीसाठी पुणे गाठावे लागे. आपल्याला कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उपलब्ध आहे. जागोजागी अभ्यासिका आहेत. आपल्या वर्गात एकाच परीक्षेला बसणारे तीन-चारजण सहज मिळतात. त्यांनी आठवड्यातून एकदा भेटावे, कोणी काय वाचले ते सांगावे आणि पुढच्या आठवड्याचे ठरवावे. कोणीतरी आपल्या उत्तराची वाट पाहत आहे ही जाणीव थकलेल्या माणसाला पुस्तकाशी बसवते. फ्लीट आणि स्यूएल यांनी दीक्षितांसाठी तेच केले असले पाहिजे. येत्या परीक्षेला बसणाऱ्या आणि सकाळच्या तासांना येणाऱ्या मित्रमैत्रिणींनी शनिवारी शेवटच्या तासानंतर ग्रंथालयात जमावे, अशी माझी सूचना आहे. प्राध्यापकांपैकी कोणी अर्धा तास आमच्यात बसले तर उत्तमच.